एका देशात चालणारं दुकानाचं किंवा मालाचं नाव दुसरीकडे वर्णद्वेषी का ठरतं?

शब्द तोच असला तरी त्याच्यामागचा इतिहास वेगळा असतो, म्हणून. स्पॅनिशमध्ये ‘नेग्रो’ म्हणजे साधा काळा रंग. लॅटिन अमेरिकेत ‘नेग्रिता’ लाडानंही म्हणतात (तिथेही ते सगळ्यांना रुचतं असं नाही). अमेरिकेत मात्र ‘नीग्रो’ म्हटलं की गुलामगिरी आणि वर्णभेदच आठवतो. ऑस्ट्रेलियातल्या ‘कून’ चीजचं नाव एडवर्ड कून यांच्या आडनावावरून आलं होतं, पण ‘कून’ ही कृष्णवर्णीयांना दिली जाणारी शिवी. शेवटी २०२१ मध्ये ते ‘चीअर’ झालं. खरी गंमत हाँगकाँगच्या ‘डार्की’ टूथपेस्टची. १९८९ मध्ये इंग्रजी नाव बदलून ‘डार्ली’ केलं, पण चिनी नाव ‘काळा माणूस टूथपेस्ट’ तसंच ठेवलं, थेट २०२२ पर्यंत!