कंटेनरमधल्या फाइलचा कोणता पाथ ऑडिट लॉगमध्ये येतो: होस्टवरचा की आतला?

लिनक्सच्या ऑडिट लॉगमध्ये (कोणत्या प्रोसेसने काय केलं याच्या कर्नलने केलेल्या नोंदी) आतलाच पाथ येतो. ‘पाथ’ नोंदीतलं नाव म्हणजे प्रोसेसने सिस्टिम कॉलला (कर्नलकडे केलेल्या मागणीला) दिलेला मजकूर, जसाच्या तसा. तो सापेक्ष असेल तर त्याच घटनेची ‘सीडब्ल्यूडी’ नोंद (प्रोसेस तेव्हा ज्या फोल्डरमध्ये होती त्याचा पाथ) त्याच्या आधी जोडायची. तीही कर्नल त्या प्रोसेसच्या रूटपासूनच, म्हणजे तिला दिसणाऱ्या सर्वांत वरच्या फोल्डरपासूनच मोजतो. म्हणून लॉगमध्ये ‘/ईटीसी/पासवड’ दिसलं, की होस्टची फाइल बदलली असं धरू नका. पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा क्रमांक, मात्र होस्टचा असतो. प्रोसेस चालू असेपर्यंत रूट यूझर म्हणून ‘/प्रॉक/<पीआयडी>/रूट’पुढे तो पाथ जोडा, नेमकी फाइल सहसा सापडते, प्रोसेस संपली की नोंदीतल्या डिव्हाइस आणि आयनोड (फाइल सिस्टिममधली फाइलची ओळख) क्रमांकांवरच भिस्त. एक अडचण: फाइल उघडणाऱ्या ‘ओपनॲट’ या सिस्टिम कॉलला फोल्डरचा डिस्क्रिप्टर (आधीच उघडलेल्या फोल्डरचा क्रमांक) दिलेला असेल, तर सापेक्ष नावाआधी सीडब्ल्यूडी जोडून चुकीचा पाथ तयार होतो.