इंग्लंडमध्ये ग्रॅव्हल बाईकिंगसाठी (कच्च्या, खडीच्या वाटांवरच्या सायकलिंगसाठी) हलक्या चढउताराचा पहिला रूट कोणता घ्यावा?
रिजवे या दक्षिण इंग्लंडमधल्या प्राचीन लांब वाटेचा पश्चिमेकडचा भाग घ्या, एव्हबरीजवळच्या ओव्हरटन हिलपासून थेम्सकाठच्या स्ट्रीटलीपर्यंत, साधारण ७० किमी. मी स्विंडनला राहतो, वीकेंडला तिथेच असतो. वाट टेकड्यांच्या माथ्यावरून जाते त्यामुळे एकदा वर चढलात की लांबच लांब हलके चढउतार, दोन्हीकडे शेतं, आणि वाटेत अफिंग्टनचा पांढरा घोडा (टेकडीच्या उतारावर कोरलेली भलीमोठी आकृती), तिथे थांबाच! स्ट्रीटलीच्या पुढे मात्र बराचसा रिजवे फूटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठीची वाट आहे, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. ब्रिडलवेवर (घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर) १९६८ च्या कायद्याने सायकल चालवता येते, फक्त चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. टायर किमान ४० मिमी घ्या. आणि पाऊस पडून गेल्यावर नका जाऊ, खाली खडूचा दगड आहे, ओला झाला की भयंकर घसरतो.