आरोग्यासाठीच्या निधीचे विधेयक संसदेत कायदा कसे होते? राज्यसभा ते अडवू शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की, केंद्राने आरोग्यासाठी कायदा करून पैसा उभा करायचे ठरवले तर विधेयकाचा प्रवास कसा होतो आणि राज्यसभेचा विरोध असल्यास ते अडते का. मी सोलापूरचा आहे. माझी आई विडी कामगार होती आणि आमच्या घरातली आजारपणे विडी कामगारांच्या दवाखान्यात कार्ड दाखवूनच निभावली, म्हणून उदाहरणही त्या दवाखान्याच्या पैशाचेच घेतो.

त्या पैशामागे १९७६ चे दोन केंद्रीय कायदे होते. एकाने विडीवर उपकर, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, बसवला आणि दुसऱ्याने विडी कामगार कल्याण निधी स्थापन केला. यातली मेख अशी की उपकराची रक्कम थेट त्या निधीत पडत नसे. ती आधी भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत जाई, आणि संसदेने कायद्याने विनियोजन केल्यानंतरच, म्हणजे त्यातून खर्चाला मंजुरी दिल्यावरच, तिथून कल्याण निधीत येई. वसुलीचा कायदा आणि खर्चाचा कायदा हे दोन वेगळे दरवाजे आहेत, हे बातम्या वाचताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आता विधेयकाकडे वळू. त्यात केवळ कर बसवणे, एकत्रित निधीतून पैसा काढणे किंवा राज्यघटनेच्या अनुच्छेद ११० मधील तत्सम बाबीच असतील, तर ते धन विधेयक ठरते. ते राष्ट्रपतींच्या शिफारशीने फक्त लोकसभेत मांडता येते आणि ते धन विधेयक आहे की नाही याबाबत लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम असतो. लोकसभेने मंजूर केल्यावर राज्यसभेला १४ दिवस मिळतात. ती फक्त शिफारशी करू शकते, त्या स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते, आणि मुदतीत विधेयक परत आले नाही तर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केले असे मानले जाते. राष्ट्रपतींनाही ते फेरविचारासाठी परत पाठवता येत नाही. थोडक्यात, येथे राज्यसभेचा विरोध नोंदवला जातो, पण अडथळा ठरत नाही.

मात्र विधेयकात पैशाबरोबर इतर तरतुदीही असतील, उदाहरणार्थ रुग्णांचे हक्क, नवे प्राधिकरण किंवा शिक्षा, तर चित्र बदलते. त्याच्यासोबत खर्चाचा अंदाज देणारे वित्तीय ज्ञापन जोडावे लागते, एकत्रित निधीतून खर्च होणार असल्यास विचारार्थ घेण्यापूर्वी राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि राज्यसभेची संमती मिळवावीच लागते. दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास दोन्ही सभागृहांनी एकत्र बसून मतदान करण्याचा, म्हणजे संयुक्त बैठकीचा मार्ग उरतो, जो धन विधेयकाला लागू नाही. त्यामुळे एखादे विधेयक धन विधेयक म्हणून प्रमाणित करण्यावरून वाद होतात, आणि माझ्या मते ते वाद निरर्थक नाहीत.

असा कायदा झाला तरी पैसा दरवर्षी नव्याने मंजूर व्हावा लागतो. १ फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो, आरोग्य मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेल्या रकमा, त्या विषयाच्या खासदारांच्या स्थायी समितीकडे जातात, मग लोकसभेत मतदान होते. पुष्कळ मागण्या चर्चेविनाच एकगठ्ठा मंजूर होतात, हे खेदाने नमूद करतो. त्यानंतर विनियोजन विधेयक येते आणि करांसाठी वित्त विधेयक. प्राप्तिकरावरील ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर २०१८ मध्ये याच वित्त विधेयकाच्या मार्गाने आला. अशा उपकराचा वाटा राज्यांना द्यावा लागत नाही. रुग्णालये आणि सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यसूचीत, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीत असूनही हे असे आहे.

दुसरीकडे, ज्या योजनांचे नाव सर्वाधिक ऐकू येते त्यांच्यामागे स्वतंत्र कायदा असेलच असे नाही. महाराष्ट्रातील जीवनदायी ही मोफत उपचारांची योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ती आजही शासन निर्णयांवर चालते. केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत योजनाही मंत्रिमंडळाच्या निर्णयातून आली, तिच्यासाठी वेगळा अधिनियम झाला नाही.

विडीवरचा उपकर २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. तेव्हापासून विडी कामगारांच्या कल्याण योजनांसाठी अर्थसंकल्पातूनच तरतूद करावी लागते, म्हणजे पहिला दरवाजा बंद झाला आणि आता सारे दुसऱ्यावर अवलंबून आहे.