पहिल्यांदा वीज देण्यापूर्वी

जळगावात राहून तुम्ही व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जुळवलात, याचा मनापासून आनंद झाला; आता मात्र घाई करू नका.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे प्लग काढला की धोका संपला असे मानणे. ३००-०-३०० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर, डायोड लावलेले पण व्हॉल्व्ह बसवलेले नसताना, फिल्टर कपॅसिटरवर (डीसी पुरवठा सपाट करण्यासाठी वीज साठवणाऱ्या घटकावर) सुमारे ४२० व्होल्ट डीसी साठतात आणि प्लग काढल्यावरही टिकून राहतात, त्यामुळे तेथे ३५० व्होल्टचा कपॅसिटर चालत नाही, ५०० चा लागतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर समांतर जोडल्यास हा साठा सुमारे दोन मिनिटांत उतरतो. तरीही मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका.

पहिल्या चाचणीसाठी एवढे पाळा:

- चॅसिसला पक्के अर्थिंग आणि फ्यूज.
- ६० वॉटचा तारेचा बल्ब पुरवठ्याशी एकसरीत. तो प्रखर पेटत राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे.
- स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह बसवून चालवू नये.

आपल्या खानदेशी उन्हाळ्यात घामाने ओल्या हातांतून विजेचा धक्का अधिक जोराने बसतो, म्हणून मोजमाप पहाटे, एकाच हाताने आणि घरात कोणी जागे असताना करा. मध्येच वीज गेली, तर आधी प्लग काढा. बायसचे, म्हणजे व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवण्याचे, नंतर पाहू.