चूल, कॉइल आणि हिवाळ्यातली हवा

प्रश्न : आईचं वय ६२. आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही, तरी चार पायऱ्या चढली की धाप लागते. डॉक्टर सीओपीडी (श्वासनळ्या आकसण्याचा जुनाट आजार) म्हणतात. हा तर विडी ओढणाऱ्यांचा आजार ना? (एक मुलगी, भोर)

उत्तर : तुमच्या आईने धूर ओढलाय, फक्त विडीचा नाही. अशी बाई तपासायला आली की मी आधी विचारते, "मावशी, चुलीपुढं किती वर्षं काढली?" मागे एक आजी आल्या होत्या. फुप्फुसाच्या तपासणीत नळीत सलग सहा सेकंद फुंकावं लागतं. दुसऱ्याच सेकंदाला त्यांना खोकल्याची उबळ आली. म्हणाल्या, "चाळीस वर्षं फुंकणी फुंकली, आता ही नळी फुंकवंना." मला पुढं काही विचारावं लागलं नाही.

लाकडं, गोवऱ्या, पऱ्हाट्या जळताना जे बारीक कण निघतात, ते अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे किंवा त्याहून बारीक असतात. ते नाका-घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसातल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत उतरतात. वर्षानुवर्षं सूज राहून श्वासनळ्या आकसतात आणि पुन्हा पुरत्या मोकळ्या होत नाहीत.

घरी गॅस असला तरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच तापतं का, ते बघा. बऱ्याच घरांत तापतं. ते आधी थांबवा. इनहेलर लिहून दिला असेल तर तो रोज घ्यायला लावा. 'सवय लागते' म्हणून लोक तो बंद करतात आणि धाप वाढवून घेतात.

प्रश्न : मुंबईला समुद्र असूनही हिवाळ्यात हवा का बिघडते? माझी अँजिओप्लास्टी झाली आहे, पहाटे फिरायला जाऊ का? (वय ६८, चेंबूर)

उत्तर : समुद्र हवा साफ करतो, पण वारा वाहिला तरच. थंडीत जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर बसतो आणि त्या झाकणाखाली सगळं कोंडतं : बांधकामाची नि रस्त्यावरची धूळ, गाड्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर, पावाच्या लाकडी भट्ट्या. (या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्या, असं उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं.) पहाटे हे झाकण सर्वांत घट्ट असतं.

तुमच्यासाठी हा नुसत्या खोकल्याचा प्रश्न नाही. या धुरा-धुळीतले बारीक कण रक्तवाहिन्यांना सूज आणतात, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढवतात. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात, दोन्हींचा धोका त्याने वाढतो. ऊन चांगलं वर आल्यावर, मोठ्या रस्त्यापासून लांब फिरा. एक्यूआय (हवा किती खराब ते सांगणारा आकडा) २०० च्या वर असेल त्या दिवशी घरातच चाला. आणि आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. या कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून स्वतःची मर्यादा ५ वर आणली.

प्रश्न : गूळ खाल्ल्याने फुप्फुसं साफ होतात का? मनीप्लँट ठेवू का? (नाशिक)

उत्तर : गूळ पोटात जातो, फुप्फुसात नाही. मनीप्लँट हौसेने ठेवा, चार कुंड्यांनी खोलीतली हवा बदलत नाही. धुळीत काम असेल तर रुमाल पुरत नाही, नाकाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. रात्री छाती घरघरते. डास फार, म्हणून खिडक्या लावून कॉइल जाळतो. (बदलापूर)

उत्तर : कॉइल आज रात्रीपासून बंद करा. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण सोडते, तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींमधून निघतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बंद खोलीत, लेकराच्या उशाशी! मच्छरदाणी बांधा, खिडक्यांना जाळी बसवा. देवापुढची उदबत्तीही काही दिवस बाहेर, तुळशीपाशी लावा. आणि घरघर वरचेवर होत असेल तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोपेत श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.