लोकांना काय सांगायचं?

मी समुपदेशक. दहावीचा निकाल लागला की माझ्यासमोर तोच प्रश्न येऊन बसतो: "मुलगा आयटीआय म्हणतोय. लोकांना काय सांगायचं?" यंदा तो चार घरांकडून ऐकला, म्हणून एक जुना अनुभव लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वडील विमा कार्यालयात अधिकारी, घर डोंबिवलीला. मुलगा अकरावी सायन्सला नापास, क्लासला दांड्या मारणारा, आणि फिटर व्हायचं म्हणणारा. पहिल्याच भेटीत वडील म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात कुणी हातात पाना धरलेला नाही."

तीन भेटी मी माहिती देत राहिले. कोर्स दोन वर्षांचा, पुढे 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर शिकता येतं, पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जायची वाटही आहे. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक आहे, पण डिग्री ती डिग्री."

चौथ्या भेटीत विचारलं, "तुमचे वडील काय करायचे?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "मिलमध्ये होते. लालबागला."

"कुठल्या खात्यात?"

"मेकॅनिक खात्यात. फिटर."

मुलाने झटकन मान वळवली. आजोबा 'मिलमध्ये होते' एवढंच त्याला माहीत होतं.

18 जानेवारी 1982 ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा हे गृहस्थ दहा वर्षांचे होते. आधी आईचे डूल गेले, मग पितळी भांडी. "हातावर पोट असलं की काय होतं ते मी बघितलंय, मॅडम. याला तिथे कसा पाठवू?"

इतके दिवस मी ज्याला प्रतिष्ठा समजत होते, ती भीती होती. माणसाला अडवून धरतो तो घटनेचा त्याने लावलेला अर्थ, अशी माझी वीस वर्षांची धारणा आहे. म्हणून विचारलं, "संपानंतर घर कशावर चाललं?"

"कुर्ल्याला एका वर्कशॉपमध्ये लागले. कानस मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मालक स्वतः घरी बोलवायला आला होता. मी बी.कॉम. झालो ते..." वाक्य अडकलं. "त्यांच्या हातावर."

मी गप्प राहिले. मिल बंद पडली तरी कसब बंद पडलं नव्हतं, हे मी सांगितलं असतं तर पुन्हा "ते ठीक आहे" ऐकायला मिळालं असतं. ते त्यांना स्वतःलाच सापडलं, आणि असे क्षण पाहायला मिळतात म्हणून मी या खुर्चीत बसते.

पालकांना माझं सांगणं असं: प्रवेशाआधी त्या आयटीआयचं वर्कशॉप बघून या. मशीन चालू आहेत का, निदेशक जागेवर आहेत का, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, विचारा. सुरुवातीला पगार कमी असतो, कंत्राटावरही ठेवतात. ते मुलापासून लपवू नका. ज्या कामाला डिग्री लागते, तिथे ती घ्यायलाच हवी. पण मन नसताना, केटी काढत काढत मिळवलेल्या डिग्रीने पोराचं रक्षण होईल, या भरवशावर राहू नका.

आणि लोकांना काय सांगायचं? "सध्या आयटीआय करतोय, पुढे बघू," यातला 'सध्या' काढून टाका. पाहुणे तो विसरतात. मुलगा विसरत नाही.

त्या वर्षी गणपतीत पाहुण्यांनी विचारलंच. मुलाच्या आईने मला फोन करून वडिलांचं उत्तर कळवलं: "फिटरचं शिकतोय. माझ्या वडिलांचं काम."