बंदुकीची दारू बदलू नको, पुस्तकातलं पान बदल

व्हिक्टोरियातली नोकरी पक्की झाली हे वाचून बरं वाटलं. तू विचारतोस की तिथं रायफल क्लबात जाऊन काडतुसं स्वतः दारू घालून भरायची आहेत, पण तुझ्याजवळच्या अमेरिकन पुस्तकात ३०८ विंचेस्टर या रायफलच्या काडतुसासाठी दिलेली व्हार्गेट नावाची दारू ऑस्ट्रेलियातल्या दुकानांच्या यादीत सापडत नाही. मग तेवढ्याच वेगानं जळणारी दुसरी दारू थोडी कमी घालून चालेल का?

नाही चालणार. मीही खानापूर तालुक्यातलाच, आता शेपर्टनला असतो, आणि हा विचार कुठून येतो ते मला ठाऊक आहे. जांबोटी-कणकुंबीकडं रानडुकरांपासून भात राखायला पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका असतात. काळी दारू मापानं ओतायची, गजानं ठासायची. चिमूटभर इकडंतिकडं झालं तरी सहसा निभावतं. त्या सवयीनं माणूस दारू म्हणजे दारू असं धरून चालतो.

रायफलच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळ्या जातीची आहे. दाब वाढला की ती अधिक वेगानं जळते, आणि वेगानं जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून दारू थोडी जास्त झाली तर दाबही थोडाच वाढेल, हा हिशेब इथं लागू पडत नाही. ३०८ ची अमेरिकन मानकातली कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) आहे आणि हे सगळं तुझ्या गालापासून वीतभर अंतरावर घडतं. हीच दारू घरच्या ठासणीच्या बंदुकीत कुणी मापानं ओतली तर नळी फुटेल. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

जळण्याच्या वेगाचे तक्ते मिळतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नको. तक्त्यात फक्त क्रम असतो. शेजारच्या दोन नावांत किती अंतर आहे ते त्यात दिसत नाही. शिवाय पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचात, जागा किती, गोळी १५० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) की १६८ ची, यावर तीच दारू वेगळी वागते. दाण्याचा आकार आणि घनता बदलली की एकाच मापात वेगळं वजन बसतं. दारू नेहमी तराजूवर मोजायची, तीही ग्रेनमध्ये. एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन, त्यामुळं तराजू ग्रॅमवर राहिला तर काय होईल याचा विचार कर.

तुझ्या बाबतीत मात्र दारू बदलायची वेळच येत नाही. व्हार्गेट बनते ऑस्ट्रेलियातच, न्यू साउथ वेल्समधल्या मुलवाला गावी, मरे नदीच्या काठी. इथं ती एडीआय या दारू बनवणाऱ्या कंपनीच्या डब्यात एआर २२०८ या नावानं विकली जाते. तसंच अमेरिकन पुस्तकातली एच ४३५० दारू म्हणजे एआर २२०९ आणि एच ४८९५ म्हणजे एआर २२०६एच. ही जुळणी कंपनीनं स्वतः छापलेली आहे, म्हणून ती मानायची. दुकानदारानं किंवा क्लबातल्या कुणी तोंडी सांगितलेली मानायची नाही.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांनी होतो. एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन निरनिराळ्या दारू आहेत. एच ४८९५ आणि आयएमआर ४८९५ यांचंही तसंच. आकडा तोच दिसतो आणि माणूस फसतो. एकीचं वजन दुसरीला लावायचं नाही. हातात जी दारू असेल तिच्याच नावाचं, तुझ्याच गोळीच्या वजनाचं पान उघडायचं आणि तिथल्या किमान वजनापासून सुरुवात करायची. नाव तेच असलं तरी डब्याचा लॉट बदलला, गोळी किंवा टोपी (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी) बदलली की पुन्हा खालून वर यायचं. बोल्ट (रायफलचा मागचा सरकता खटका) उघडताना जड लागला किंवा टोपी चपटी झाली तर तिथंच थांबायचं. पण अशी खूण दिसली नाही म्हणजे दाब ठीक आहे असंही समजू नको.

एका डब्यातली दारू दुसऱ्यात ओतायची नाही, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवायचा. चिठ्ठी नसलेला डबा कुणी फुकट दिला तरी घेऊ नको. दुसऱ्यानं भरलेली काडतुसंही उडवू नको, तो कितीही जवळचा असला तरी.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९९६ च्या बंदुकांविषयीच्या राष्ट्रीय करारानंतर इथं परवान्यासाठी खरं कारण दाखवावं लागतं. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही, क्लबाचं सदस्यत्व चालतं. म्हणून आधी क्लब, मग सुरक्षेचा वर्ग आणि परवाना, आणि भरण्याचं यंत्र सगळ्यात शेवटी. भारतातून दारू किंवा टोप्या विमानात आणायचा विचारही करू नको, हातातल्या बॅगेत नको आणि चेक-इनमध्येही नको.

निघायच्या आधी पुस्तकाचं नाव, त्याची आवृत्ती आणि कोणत्या वजनाची गोळी वापरणार ते कळव. एडीआयच्या पुस्तिकेतलं कोणतं पान बघायचं ते मी सांगतो.